घंटा वाजली, आता विमान कोणाच्या हातात? छोट्या विमानातील ऑटोपायलटचे इशारे



आकाश मोकळं असलं की लोणंदच्या आसपास कधीमधी एक छोटं विमान घरघर करत जाताना दिसतं. प्रवासी विमानासारखं ते उंच नसतं. पंख, चाकं सगळं खालून ओळखू येतं. बारामतीच्या विमानतळावर वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं आणि बारामती आपल्यापासून काही लांब नाही. तास चालू असताना असा आवाज आला की अर्धा वर्ग खिडकीकडे वळतो. मी रागावत नाही, कारण माझी मानही तिकडेच गेलेली असते.

गेल्या दिवाळीत आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी घरी भेटायला आला. वडील कांद्याच्या मार्केटमध्ये काम करतात, घरात कर्ज काढून पोराला विमान शिकायला पाठवलंय. मी कौतुकानं विचारलं, "कसं चाललंय रे?" तर तो थोडा गप्प झाला. मग म्हणाला, "सर, परवा सिम्युलेटरवर माझं विमान पडलं." सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरच बसवलेलं खोटं विमान. त्यात पडलं तरी कुणाला लागत नाही. पण पोराच्या मनाला लागलं होतं.

झालं असं, की ऑटोपायलट चालू होता. अचानक घंटा वाजली आणि पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकायला लागली. तो ती अक्षरं वाचायला लागला. काय लिहिलंय, का लिहिलंय, पुस्तकात कुठल्या पानावर होतं, हे आठवेपर्यंत विमान एका बाजूला कलून खाली निघालं होतं. "सर, मी वाचत बसलो. विमान कोणीच धरलं नव्हतं," तो म्हणाला.

आजचा पाठ त्याच्या या वाक्यावर आहे. ऑटोपायलटचे इशारे कोणते, ते काय सांगतात आणि ते आल्यावर आधी काय करायचं, हे आपण पाहू. तुमच्यापैकी कुणी वैमानिक होईल, कुणी होणार नाही. पण यंत्रावर काम सोपवून त्याच्यावर लक्ष ठेवायची वेळ तुमच्या पिढीत प्रत्येकावर येणार आहे.

ऑटोपायलट म्हणजे काय? विहिरीवरचा 'ऑटो' आठवा

शेतीच्या मोटारीला आपण 'ऑटो' बसवतो. रात्री दोन वाजता लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते, शेतकऱ्याला उठून जावं लागत नाही. किती सोय! पण हा ऑटो विहिरीत डोकावून बघत नाही. पाणी असो वा नसो, लाईट आली की त्यानं मोटार चालू केलीच. विहीर कोरडी असेल तर मोटार जळेपर्यंत तो आपलं काम इमानदारीनं करत राहतो. त्याला सांगितलेलं काम एवढंच होतं.

विमानातला ऑटोपायलट याच जातीचा आहे. फक्त जास्त हुशार. विमानाचं नाक वर आहे की खाली, पंख सरळ आहेत की तिरके, हे त्याला जायरोस्कोपवर किंवा इलेक्ट्रॉनिक संवेदकांवर आधारलेल्या यंत्रणेकडून कळतं. मग सर्वो नावाच्या छोट्या मोटारी विमानाचे सुकाणू भाग हलवतात. हे तंत्र जुनं आहे. १९१४ मध्ये पॅरिसजवळ लॉरेन्स स्पेरी या अमेरिकन तरुणानं सेन नदीवरून विमान नेताना दोन्ही हात वर करून दाखवले होते. त्याचा सहकारी त्या वेळी चक्क पंखावर चालत गेला, तरी विमान सरळ राहिलं.

तुम्हाला दिसणाऱ्या सगळ्याच छोट्या विमानांत ऑटोपायलट असतो असं समजू नका. सेस्ना १५२ सारख्या दोन आसनी प्रशिक्षण विमानात तो सहसा नसतोच. सगळं हातानं करावं लागतं. सेस्ना १७२ च्या नव्या विमानांत मात्र गार्मिन कंपनीचे मोठे पडदे आणि त्यांना जोडलेला ऑटोपायलट असतो. पुढची बरीचशी उदाहरणं मी त्याच पद्धतीची घेतली आहेत. दुसऱ्या बनावटीत अक्षरं आणि आवाज वेगळे असतील, तत्त्व तेच राहतं.

एक गोष्ट मात्र वहीत अधोरेखित करून ठेवा. बहुतेक छोट्या विमानांत ऑटोपायलट सुकाणू सांभाळतो, इंजिन सांभाळत नाही. इंजिनाची शक्ती कमी-जास्त करायचा दांडा, म्हणजे थ्रॉटल, वैमानिकाच्याच हातात असतो. म्हणजे गाडीचं स्टिअरिंग एकाकडे आणि ॲक्सिलरेटर दुसऱ्याकडे! या एका गोष्टीतून किती संकटं येतात ते पुढे बघू.

पडद्याची भाषा आधी रंगानं शिका

पडद्यावर सगळ्यात वर एक अरुंद पट्टी असते. ऑटोपायलट या क्षणी काय करतोय ते तिथे लिहिलेलं असतं.

• हिरवी अक्षरं म्हणजे हे काम आत्ता चालू आहे.
• पांढरी अक्षरं म्हणजे हे काम तयारीत आहे, वेळ आली की सुरू होईल.

समजा तुम्ही ५,००० फुटांवर जायला निघालात. चढण्याचं काम हिरव्या अक्षरात दिसेल आणि ठरवलेली उंची पकडण्याचं काम पांढऱ्यात. ५,००० फूट जवळ आले की पांढरं हिरवं होतं. शेवटी 'उंची धरून ठेव' हे काम हिरव्यात आलं की समजायचं, आता विमान तिथेच राहील.

इथे नवशिके हमखास चुकतात. ऑटोपायलटचं नुसतं बटण दाबलं आणि दुसरं काहीच सांगितलं नाही, तर तो उंची धरत नाही. तो एवढंच करतो की नाक आत्ता जेवढं वर किंवा खाली आहे तेवढंच ठेवतो आणि पंख सरळ ठेवतो. विमान हळूहळू खाली जात असताना बटण दाबलं, तर ते शिस्तीत खालीच जात राहील. म्हणून बटण दाबल्यावर डोळे वरच्या पट्टीकडे गेलेच पाहिजेत. आपण काय दाबलं हे बोटाला माहीत असतं. यंत्रानं काय ऐकलं हे फक्त ती पट्टी सांगते.

इशाऱ्यांचे रंगही ठरलेले आहेत.

• लाल: ताबडतोब काहीतरी करा.
• पिवळा: लक्ष द्या, लवकरच काहीतरी करावं लागेल.
• पांढरा: माहितीसाठी.

सिग्नलच्या दिव्यांमुळे हे रंग आपल्या ओळखीचे आहेतच. फरक एवढाच, की सिग्नलला लाल दिसलं की आपण थांबतो. विमानाला हवेत थांबता येत नाही.

महत्त्वाचे इशारे, एकेक करून

१. ऑटोपायलट सुटला. वैमानिकानं स्वतः योकवरचं (योक म्हणजे विमानाचं हँडल) लाल बटण दाबून ऑटोपायलट बंद केला, तर 'एपी' ही अक्षरं काही सेकंद पिवळी लुकलुकतात, एक आवाज येतो आणि दोन्ही थांबतात. हा निरोप आहे: 'तुम्ही मागितलंत, मी सोडलं.' पण ऑटोपायलट आपणहून सुटला, तर 'एपी' लाल लुकलुकतं आणि आवाज थांबत नाही. वैमानिक लाल बटण दाबून 'कळलं मला' असं सांगेपर्यंत तो वाजत राहतो. आपल्या माजी विद्यार्थ्यानं ऐकली ती हीच घंटा.

आता विचार करा, आवाज थांबत का नाही? कारण या क्षणी विमान कोणीही धरलेलं नाही, आणि ते वैमानिकाला कळलंय याची यंत्राला खात्री करून घ्यायची आहे.

२. ट्रिमचा इशारा. हा जरा अवघड आहे, म्हणून सावकाश वाचा. विमानाचं नाक एका जागी ठेवायला सतत जोर लावावा लागू नये म्हणून ट्रिम नावाची सोय असते. मागच्या शेपटावरचा एक छोटा भाग हलवून तो जोर विमानच सांभाळतं. ट्रिम बिघडली किंवा चुकीच्या जागी राहिली, तर सगळा भार ऑटोपायलटच्या छोट्या मोटारीवर येतो. ती बराच वेळ जोर लावत राहिली की पडद्यावर पिवळ्या अक्षरात बाणासह इशारा येतो.

आपल्या मार्केटमधलं उदाहरण घ्या. उतारावर कांद्याच्या पोत्यांनी भरलेली हातगाडी एक हमाल एकटाच रेटून उभा आहे. लांबून बघणाऱ्याला वाटतं, गाडी छान उभी आहे. पण त्याच्या हाताला रग लागलीय आणि तो ओरडतो, "अरे, हात द्या!" तुम्ही काय कराल? त्याला "सोड" म्हणाल का? आधी स्वतः गाडी घट्ट धराल, मगच त्याला सोडायला सांगाल. विमानातही अगदी तसंच. आधी योक दोन्ही हातांनी घट्ट धरायचा, मग ऑटोपायलट सोडायचा आणि बाणाच्या दिशेनं मोठा जोर लावावा लागेल अशी मनाची तयारी ठेवायची. त्यानंतर ट्रिम हातानं बसवायची. हे न करता नुसतं बटण दाबलं, तर नाक झटक्यात खाली किंवा वर जाऊ शकतं.

३. उंचीचा इशारा. ठरवलेल्या उंचीच्या १,००० फूट जवळ आलं की उंचीचा आकडा लुकलुकतो. म्हणजे 'आता जवळ आलो'. एकदा उंची पकडल्यावर विमान २०० फुटांहून जास्त भरकटलं तर आकडा पिवळा होतो आणि सूचनेचा आवाज येतो. छोटासा, साधा आवाज. पण तो ऐकू न आल्यानं काय झालं, हे पुढे एका घटनेत पाहू.

४. स्टॉलचा भोंगा. पंखावरून हवा नीट वाहिली तरच विमान उचललं जातं. नाक फार वर झालं, म्हणजे पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन साधारण १५-१६ अंशांच्या पुढे गेला, की हवा पंखाला सोडते आणि उचल एकदम कमी होते. याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडणं वेगळं आणि हा स्टॉल वेगळा, गल्लत करू नका.

सेस्ना १७२ मध्ये याचा इशारा देणारं साधन फार गमतीचं आहे. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटी फट असते. नाक जास्त वर झालं की तिथला हवेचा दाब कमी होतो, हवा आतून बाहेर ओढली जाते आणि वाटेतली पातळ पट्टी थरथरून वाजते. भजनाच्या पेटीत सूर निघतो तो अशाच पट्टीतून! वीज नाही, संगणक नाही. विमानातले सगळे पडदे बंद पडले तरी हा भोंगा वाजतो. स्टॉल व्हायच्या थोडं आधीच तो वाजतो, म्हणजे सावरायला वेळ मिळतो.

पण लक्षात घ्या, हा भोंगा आणि ऑटोपायलट यांची एकमेकांशी ओळख नाही. भोंगा वाजतोय म्हणून ऑटोपायलट नाक खाली करेलच असं नाही. नव्या काही यंत्रणांत वेग फार कमी झाल्यास नाक खाली करण्याची सोय असते, जुन्यांत नसते. आपल्या विमानात आहे की नाही, हे त्या विमानाच्या पुस्तकात उडण्याआधी वाचायचं असतं.

५. डोंगराचा इशारा. जीपीएसला 'इथून तिथे सरळ जा' म्हटलं की ऑटोपायलट सरळ रेषेत जातो. बारामती ते कराड अशी रेषा नकाशावर ओढून बघा. मध्ये महादेव डोंगररांगेच्या सोंडा आडव्या येतात. आपला रस्ता आणि रेल्वे सालप्याच्या बाजूला वळणं घेत चढतात, ते हौस म्हणून नाही. छोट्या विमानाच्या ऑटोपायलटला मात्र समोर डोंगर आहे म्हणून वळायचं कळत नाही. पावसाळ्यात डोंगराला ढग टेकलेले असताना तर डोळ्यांनाही दिसत नाही. ज्या विमानांत डोंगर ओळखणारी यंत्रणा असते, तिथे नकाशावर आधी पिवळा आणि मग लाल भाग दिसतो आणि आवाजात सूचना येते. तेव्हा वर कोण नेणार? वैमानिकच.

६. लाल फुली. नाक आणि पंखांची स्थिती दाखवणारी यंत्रणाच बिघडली, तर त्या जागी पडद्यावर मोठी लाल फुली येते आणि ऑटोपायलटही सुटतो. कारण तोही त्याच माहितीवर चालत होता. अशा वेळी बाजूला असलेलं राखीव उपकरण बघून विमान चालवायचं असतं.

ज्या चुकीला घंटाच नसते

आता आजच्या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. वरचे सगळे इशारे यंत्राला काहीतरी खटकल्यावर येतात. पण यंत्र ठणठणीत असेल आणि आपणच त्याला चुकीचं काम सांगितलं असेल तर? तर ते काम गुपचूप पार पडतं. कोरड्या विहिरीवरच्या ऑटोसारखं.

उदाहरण बघा. वैमानिकानं सांगितलं, 'मिनिटाला ७०० फूट या गतीनं चढ.' खाली हवा दाट होती, इंजिनात जोर होता, विमान चढलं. वर गेल्यावर हवा विरळ झाली, इंजिनाची शक्ती कमी पडायला लागली. ऑटोपायलटच्या हातात इंजिन नाहीच. मग तो ७०० फुटांचा शब्द पाळण्यासाठी नाक आणखी वर करतो. नाक वर झालं की वेग घटतो. वेग घटला की आणखी नाक वर. पट्टीवर सगळी अक्षरं हिरवी! पहिला आवाज येतो तो थेट स्टॉलच्या भोंग्याचा. म्हणून चढताना वेगाच्या काट्यावरून नजर हटू द्यायची नाही.

मोठ्या विमानांत इंजिनाची शक्तीही आपोआप सांभाळणारी यंत्रणा असते. तरी हा धोका टळत नाही. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळूरला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ए-३२० विमान धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीला टेकलं आणि बांधावर आदळलं. विमानात १४६ जण होते, त्यातले ९२ दगावले. हे नव्या पद्धतीचं विमान त्या वेळी आपल्याकडे नुकतंच आलं होतं. उतरताना विमान अशा पद्धतीत होतं, की इंजिनं अगदी कमी शक्तीवर राहतात. वेग घटत गेला आणि ते वेळेवर लक्षात आलं नाही. कोणती पद्धत चालू आहे हे पडद्यावर लिहिलेलं होतं. लिहिलेलं असणं आणि वाचलं जाणं यात ९२ माणसांएवढं अंतर पडलं.

तीन घटना, तीन धडे

न ऐकलेला आवाज. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री अमेरिकेत मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान उतरण्याच्या तयारीत होतं. पुढचं चाक बाहेर आल्याचा दिवा लागेना. वैमानिकांनी २,००० फुटांवर ऑटोपायलट लावला आणि सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. त्या गडबडीत, बहुधा योकला धक्का लागून, उंची धरण्याचं काम सुटलं. विमान अलगद खाली यायला लागलं. उंची बदलल्याची सूचना वाजली, पण कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं, शंभरावर माणसं गेली. मूळ बिघाड होता दिव्याचा बल्ब जाणं! धडा: एका दिव्याच्या नादात सगळ्यांनी पडायचं नाही. एकानं फक्त विमान बघायचं.

दोन उपकरणांचं भांडण. ही घटना आपल्या मुंबईची. १ जानेवारी १९७८ ची रात्र. एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे बोईंग ७४७ विमान सांताक्रूझहून दुबईला निघालं. उड्डाणानंतर उजवीकडे वळून सरळ झालं, पण कॅप्टनसमोरचं उपकरण मात्र विमान अजून उजवीकडे कललेलं दाखवत राहिलं. समोर काळोखा समुद्र, क्षितिज दिसत नाही. कॅप्टननी उपकरणावर विश्वास ठेवून विमान डावीकडे वळवलं आणि ते डावीकडे उलटत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. २१३ जणांपैकी कोणी वाचलं नाही. उड्डाणापासून दोन मिनिटंही झाली नव्हती. इथे ऑटोपायलटचा प्रश्न नव्हता, पण धडा आपल्या विषयाचाच आहे: एका उपकरणाचं कधी ऐकू नये. दोन उपकरणं भांडली तर तिसऱ्याला साक्षीला बोलवायचं. आज पडद्यावर लाल फुली येते, उपकरणं जुळत नाहीत अशी सूचना येते, त्यामागे अशा अपघातांतून आलेलं शहाणपण आहे.

उलटी प्रतिक्रिया. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं पंख्याच्या इंजिनांचं प्रवासी विमान उतरायला येत होतं. वेग घटत गेला. ऑटोपायलट उंची राखण्यासाठी नाक वर करत राहिला. मग स्टॉलचा इशारा म्हणून योक जोरात थरथरला आणि त्याच क्षणी ऑटोपायलट सुटला. आता योक पुढे ढकलून नाक खाली करायला हवं होतं. दचकलेल्या कॅप्टननी तो मागे ओढला. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा १ असे ५० जण गेले. यानंतर अमेरिकेनं प्रवासी विमानांच्या सहवैमानिकांसाठीचे अनुभवाचे नियम कडक केले. धडा: इशारा ऐकू येणं पुरेसं नाही. त्याचं उत्तर हाताला पाठ असायला हवं.

मग करायचं काय? हा क्रम पाठ करा

जगभर वैमानिकांना एकच क्रम शिकवतात: आधी विमान सांभाळा, मग दिशा बघा, मग बोला. ऑटोपायलटच्या इशाऱ्याला हा क्रम असा लावायचा:

१. योक धरा. इशारा कोणताही असो, आधी हात योकवर. वाचणं नंतर.
२. पंख सरळ, नाक योग्य जागी, वेग बघा. स्टॉलचा भोंगा असेल तर नाक खाली आणि इंजिनाला पूर्ण शक्ती. डोंगराचा असेल तर पूर्ण शक्ती देऊन वर.
३. शंका आली तर ऑटोपायलट सोडा. तो काय करतोय हे कळत नसेल तर त्याच्याशी वाद घालू नका. लाल बटण दाबलं की विषय संपला. बटणानं सुटला नाही तर ट्रिमचा स्विच, पॅनेलवरचं बटण आणि शेवटी त्याचा सर्किट ब्रेकर, असे आणखी मार्ग असतात. ते कुठे आहेत हे जमिनीवरच शोधून ठेवायचं.
४. मग वाचा. विमान स्थिर झालं की पडदा वाचा, कारण शोधा, पुस्तकातली यादी काढा.
५. मग बोला. नियंत्रण कक्षाला सांगा. मदत मागण्यात कमीपणा नाही.

आणि उडण्यापूर्वी रोज एक छोटी तपासणी करायची असते. जमिनीवर ऑटोपायलट लावायचा, योक हातानं हलवून आपण त्याच्यावर मात करू शकतो हे बघायचं, मग लाल बटण दाबून तो सुटतो का आणि घंटा वाजते का हे ऐकायचं. काहींना ही कटकट वाटते. पण या तपासणीचा एक मोठा फायदा आहे. ती घंटा तुम्ही रोज शांतपणे, चाकं जमिनीवर असताना ऐकलेली असते. मग हवेत ती पहिल्यांदा वाजत नाही.

शेवटी

आपल्या माजी विद्यार्थ्याला मी विचारलं, "मग पुढे काय केलंस?" तो म्हणाला, "सरांनी तोच प्रसंग अकरा वेळा करून घेतला. पहिल्या चार वेळा हात उशिरा गेला. आता घंटा वाजली की हात आधी जातो, डोकं मागून येतं." व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्या देशात किमान २०० तास उडावं लागतं. ते तास आकडा पुरा करण्यासाठी नसतात, हाताला अशी सवय लागावी म्हणून असतात, हे त्याला त्या खोट्या विमानानं शिकवलं. जाताना त्याची आई त्याला म्हणाली, "नीट चालव बाबा, मशीनवर नको सोडूस." मला वाटतं, एवढ्या मोठ्या पाठाचा सारांश त्या माऊलीनं एका वाक्यात सांगितला. फक्त तिच्या वाक्यात मी एक दुरुस्ती करीन: मशीनवर जरूर सोड, पण नजर काढू नकोस आणि हात लांब ठेवू नकोस.

स्वाध्याय

१. ऑटोपायलट वैमानिकानं सोडला आणि आपणहून सुटला, या दोन इशाऱ्यांत काय फरक असतो? दुसरा आवाज आपोआप का थांबत नाही?
२. ट्रिमचा इशारा आल्यावर आधी योक धरायचा आणि मग बटण दाबायचं. क्रम उलटा केला तर काय होईल? हातगाडीच्या उदाहरणानं स्पष्ट करा.
३. पट्टीवर सगळी अक्षरं हिरवी असूनही विमान धोक्यात असू शकतं का? कसं?
४. स्टॉलचा भोंगा विजेशिवाय कसा वाजतो? पेटीशी तुलना करून पाच ओळी लिहा.
५. उपक्रम: घरात आणि शेतावर इशारा देणाऱ्या वस्तूंची यादी करा. कुकरची शिट्टी, इन्व्हर्टरचा आवाज, ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या तापमानाचा काटा अशा पाच वस्तू घ्या. प्रत्येकीपुढे दोन रकाने करा: 'हा इशारा काय सांगतो' आणि 'तो आल्यावर पहिली कृती काय'. दुसरा रकाना न अडखळता भरता आला तर आजचा पाठ समजला.